केदारतालला जायचं तर रात्री मोजा

केदारतालची वाट कागदावर फार सोपी दिसते. गंगोत्रीच्या देवळापासून तळ्यापर्यंत जेमतेम १७-१८ किलोमीटर. कात्रज ते सिंहगड एका रात्रीत चालून जाणाऱ्या पुणेकराला किंवा रविवारी कळसूबाई करून सोमवारी कामावर हजर होणाऱ्या नाशिककराला हा आकडा काहीच वाटत नाही. मग आठवड्याची रजा निघते. त्यातले चार दिवस प्रवासात जातात आणि उरलेल्या तीन दिवसांत तळं कसंबसं बसवलं जातं. या वाटेवरच्या आजारपणाची सुरुवात बहुतेक वेळा त्या रजेच्या अर्जातच झालेली असते.

किलोमीटर सोडा, उंची बघा. गंगोत्री सुमारे ३१०० मीटरवर आहे आणि केदारताल सुमारे ४७५० मीटरवर. मधला फरक १६५० मीटरचा. आपलं कळसूबाई समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच आहे. म्हणजे गंगोत्रीच्या डोक्यावर समुद्रापासून मोजलेलं अख्खं कळसूबाई ठेवायचं आणि ते १७ किलोमीटरमध्ये चढायचं. गढवालमधल्या प्रचलित ट्रेकपैकी इतक्या कमी अंतरात इतकं वर नेणारे फार थोडे आहेत. गोमुखाच्या वाटेवर दरी हळूहळू वर सरकते आणि शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. केदारगंगेच्या घळीत ती उसंत नाही.

हवेतलं प्राणवायूचं प्रमाण वरही २१ टक्केच असतं, पण हवेचा दाब उतरलेला असतो. तळ्याकाठी एका श्वासात मिळणारा प्राणवायू मुंबईच्या तुलनेत ५५ ते ६० टक्के भरतो. शरीर याला जुळवून घेतं. श्वास वाढतो, मूत्रपिंडं रक्तातलं आम्ल-अल्कली गणित बदलतात, पुढे तांबड्या पेशी वाढतात. या सगळ्याला दिवस लागतात, आणि ते दिवस तंदुरुस्तीने कमी होत नाहीत. आमच्या गटातला सगळ्यात दमदार गडी, सॅक पाठीवर घेऊन आठवड्यातून दोनदा सिंहगड चढणारा, पहिल्याच मुक्कामी ताट पुढे सरकवून तंबूत जाऊन पडला. त्याच्याहून वीस वर्षांनी मोठ्या, सावकाश चालणाऱ्या काकू त्या संध्याकाळी दुसऱ्यांदा खिचडी वाढून घेत होत्या. फिटनेसचा उपयोग होतो तो पाय आणि गुडघे शाबूत ठेवायला. तुमची उंचीशी ओळख त्याने होत नाही.

म्हणून बेत आखताना कागदावर दिवसांऐवजी रात्री लिहा. प्रत्येक रात्रीपुढे झोपण्याच्या जागेची उंची मांडा. पर्वतीय वैद्यकातला नियम असा की ३००० मीटरच्या वर गेल्यावर एका रात्रीची झोप आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंचावर नसावी, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र आहे तिथेच काढावी. दिवसा यापेक्षा वर चढून गेलात तरी चालतं, झोपायला खाली यायचं. आता मुक्काम बघा: गंगोत्री ३१००, भोजखरक सुमारे ३७८०, केदारखरक सुमारे ४२७०. पहिल्याच टप्प्यात ६८० मीटरची उडी आहे. त्याआधीचा प्रवास तर विसरायलाच नको. डेहराडून साधारण साडेसहाशे मीटरवर. तिथून सकाळी निघून रात्री गंगोत्रीत पोचणं गाडीने जमतं, पण शरीराने एका दिवसात अडीच हजार मीटर चढलेले असतात.

मी आखलेला आणि पुन्हा आखेन तो क्रम असा. पहिली रात्र उत्तरकाशीत, म्हणजे सुमारे ११५० मीटरवर. दुसरी आणि तिसरी गंगोत्रीत. मधल्या दिवशी खोलीत पडून न राहता पांडव गुफेकडे दीड किलोमीटर जाऊन या, किंवा परवान्यात सोय असेल तर गोमुखाच्या वाटेवर थोडं चढून परत या. चौथी आणि पाचवी रात्र भोजखरकला. सहावी केदारखरकला. सातव्या दिवशी पहाटे निघून तळं बघायचं आणि झोपायला पुन्हा केदारखरकलाच उतरायचं. आठव्या दिवशी गंगोत्री. त्याखेरीज दोन मोकळे दिवस, एक वरच्या मुक्कामांसाठी आणि एक रस्त्यासाठी. महाराष्ट्रातून रेल्वेने हरिद्वार किंवा डेहराडून गाठणार असाल तर सगळी मिळून दोन आठवड्यांची रजा लागते. तेवढी मिळत नसेल तर त्या वर्षी गोमुखपर्यंत जाऊन या आणि केदारताल पुढच्या वर्षी ठेवा. हा सल्ला रुचत नाही, पण माझ्याकडे याहून प्रामाणिक सल्ला नाही.

तळ्याकाठी तंबू ठोकण्याचा मोह मोठा असतो. समोर थलय सागर, ६९०४ मीटरचं शिखर, सूर्य उगवताना गुलाबी होतं आणि ते पाण्यात उतरतं. शेजारी ६७७२ मीटरचं भृगुपंथ. ही पहाट मनात साठवायची असते, हे मला कळतं. पण ती रात्र ४७५० मीटरवरची असते, तिथे वाऱ्याला आडोसा नाही, आणि रात्री दोन वाजता कोणाची तब्येत बिघडली तर अंधारात सुट्या दगडांच्या मोरेनवरून त्याला उतरवावं लागतं. केदारखरकहून पहाटे चारला निघालात तर ऊन चढण्याआधी तळ्यावर पोचता. दुपारी ढग येतात आणि शिखरं बहुधा झाकली जातात, तेव्हा सकाळ हीच तळ्याची वेळ. किती वाजता परत फिरायचं ते आदल्या रात्री सगळ्यांसमोर ठरवा. मी अकरा म्हणतो. तळं दिसलेलं नसलं तरी अकराला पाठ फिरवायची.

नावांचा घोळ आधीच मिटवून घ्या, कारण त्यापायी चुकीचे परवाने आणि चुकीची बुकिंगं झालेली पाहिली आहेत. केदारतालचा रस्ता केदारनाथहून जात नाही. तो गंगोत्रीहूनच निघतो. भोजखरक आणि भोजबासा या दोन निराळ्या जागा आहेत. भोजबासा गोमुखाच्या वाटेवर आहे. खरक म्हणजे गुरं-मेंढरं घेऊन येणाऱ्यांचा उन्हाळी मुक्काम, आणि भोज म्हणजे भूर्ज, ज्याच्या सालीवर एकेकाळी पोथ्या लिहिल्या जात. भोजखरकला ही झाडं आहेत. त्यांची साल आठवण म्हणून सोलून आणणारे हात मी थांबवले आहेत, तुम्हीही थांबवा. त्याच्या वर झाड नाही.

हा सगळा प्रदेश १९८९ साली घोषित झालेल्या गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात येतो. परवाना वन विभागाकडून घ्यावा लागतो. ओळखपत्राच्या प्रती, छायाचित्रं आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र प्रत्येकाने आपापल्या सॅकमध्ये ठेवावं, सगळ्यांचं एकाच पिशवीत नको. नियम आणि शुल्क बदलत राहतात, म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी उत्तरकाशीच्या वन कार्यालयात किंवा तिथल्या गाइडकडे चौकशी करा, जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबू नका. परदेशातून येणाऱ्या मराठी मंडळींना एक सूचना मुद्दाम करतो. अमेरिकेत किंवा युरोपात डोंगरात नेतात ते सॅटेलाइट फोन आणि सॅटेलाइट मेसेंजर भारतात पूर्वपरवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे. गोव्याच्या विमानतळावर अशा यंत्रापायी परदेशी प्रवाशांवर कारवाई झालेली आहे. ते यंत्र घरीच ठेवून या.

म्हणजे गंगोत्री सोडल्यावर बाहेरच्या जगाशी संपर्क राहत नाही, हे धरून चाला. घरच्या एका माणसाला लेखी देऊन ठेवा: मुक्काम कोणते, गाइडचा आणि गंगोत्रीत उतरलेल्या ठिकाणाचा फोन नंबर, परतण्याची तारीख, आणि त्या तारखेनंतर किती तास वाट बघून ११२ वर कळवायचं. हा शेवटचा आकडा ठरवलेला नसेल तर घरचे लोक एक तर फार लवकर घाबरतात किंवा फार उशिरा.

गाइड स्थानिकच घ्या. उत्तरकाशीत १९६५ पासून नेहरू पर्वतारोहण संस्था आहे, आणि आसपासच्या गावांतल्या अनेक तरुणांनी तिथे बेसिक आणि अॅडव्हान्स कोर्स केलेला असतो. ठरवताना तीन गोष्टी विचारा: या मोसमात वर जाऊन आलात का, दोर आणि प्रथमोपचार काय असेल, आणि एकाला उतरवावं लागलं तर त्याच्याबरोबर कोण जाईल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अडखळत आलं तर दुसरा गाइड बघा. सहा जणांमागे एकच गाइड असेल तर एकाच्या आजारपणात सगळ्यांनाच उतरावं लागतं, किंवा त्याहून वाईट, आजारी माणूस एकटा तंबूत राहतो. भारवाहकांच्या पाठीवर किती किलो देणार ते आधी ठरवा आणि गंगोत्रीत वजन करून घ्या. त्यांच्या पायात बूट आहेत का, झोपायला उबदार पांघरूण आहे का, हे बघणं तुमचं काम आहे, पैसे एजन्सीला दिलेले असले तरी. वर्षानुवर्षं ही वाट चालणाऱ्या एका भैजींनी मला सांगितलं होतं की सरजी, आम्हालाही डोकं दुखतं, आम्ही बोलत नाही एवढंच. तेव्हापासून संध्याकाळच्या विचारपूशीत मी त्यांनाही धरतो.

ती विचारपूस म्हणजे या ट्रेकचं खरं औषध. जोड्या लावा. रोज संध्याकाळी प्रत्येकाने आपल्या जोडीदाराला विचारायचं: डोकं दुखतंय का, जेवलास का, लघवी किती वेळा झाली. डोकेदुखी आणि तिच्या जोडीला अन्नावरची वासना उडणं, मळमळ, चक्कर किंवा नेहमीपेक्षा फार थकवा, यांतलं काहीही असेल तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत ते उंचीमुळे आहे असं समजा. अशा माणसाने पुढचा मुक्काम गाठायचा नाही. तिथेच थांबायचं, पाणी प्यायचं, विश्रांती घ्यायची. बरं वाटलं तर दुसऱ्या दिवशी पुढे. त्रास वाढत असेल तर खाली, आणि तेही त्याच दिवशी. डोकेदुखी लपवणारे लोक गटाचा खोळंबा होऊ नये म्हणून लपवतात, त्यामागे चांगुलपणा असतो. म्हणून गंगोत्रीतच सगळ्यांसमोर सांगून टाका की थांबावं लागलं तर कोणी नाराज होणार नाही. आणि मग खरोखर होऊ नका.

दोन अवस्था अशा आहेत की त्यात सकाळची वाट बघायची नाही. पहिली, मेंदूला सूज. माणूस गोंधळतो, चिडचिड करतो, बरळतो, दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो. त्याला टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. तोल गेला तर उतरायला लागा. दुसरी, फुप्फुसात पाणी. बसल्या जागी धाप लागते, खोकला येतो, पुढे थुंकीत गुलाबी फेस दिसतो. दोन्हींवर उपाय एकच, किमान ३०० ते १००० मीटर खाली उतरणं, अर्ध्या रात्री का असेना, टॉर्चच्या उजेडात आणि गरज पडली तर पाठीवर घेऊन. डेक्सामेथासोन, निफेडिपिन ही औषधं गाइडकडे किंवा गटातल्या डॉक्टरकडे असावीत, पण ती उतरण्याला मदत करतात, उतरण्याची जागा घेत नाहीत. डायमॉक्सबद्दल सगळेच विचारतात. अॅसिटाझोलामाइड हे तिचं औषधी नाव. ती श्वास वाढवून शरीराला लवकर जुळवून घ्यायला मदत करते. साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढ सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फा औषधांची अॅलर्जी, मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भारपण असेल तर प्रश्न वेगळा. तेव्हा आपल्या डॉक्टरला विचारूनच घ्या, आणि घरी असताना एकदा घेऊन बघा. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, त्याने घाबरू नका. पण गोळी घेतली म्हणून एक मुक्काम गाळला, असा हिशेब करू नका. झोपेच्या गोळ्या आणि दारू पूर्ण वर्ज्य.

आता वाट. गंगोत्रीहून निघताच खडा चढ लागतो, डाव्या-उजव्या हाताला जंगल आणि खाली केदारगंगेचा आवाज. पुढे गुळगुळीत कातळाचा आडवा टप्पा येतो, ज्याला स्पायडर वॉल म्हणतात. अंतर थोडं, पण खाली दरी. हरिहरच्या पायऱ्या चढलेल्यांना डोळ्यांनी झेपेल, मात्र इथे पाठीवर मोठी सॅक असते आणि पाऊस पडून गेला असेल तर कातळ निसरडा असतो. अशा वेळी गाइडला दोर लावायला सांगायला संकोच करू नका. भोजखरकच्या पुढे खरा धोका आहे: डोंगराची ढासळती कूस. तिच्यावरून दगड येतात. रात्री थंडीने घट्ट धरलेली माती ऊन लागलं की सैल होते, आणि वर चरणारे भरल, म्हणजे निळसर मेंढ्या, चालता चालता दगड सोडतात. हा टप्पा सकाळी लवकर, हेल्मेट घालून, एकेकाने, मध्ये न थांबता पार करायचा. एक जण सुरक्षित जागी उभा राहून फक्त वर बघत राहील, दुसरं काही करणार नाही. फोटो पलीकडे गेल्यावर. परतीच्या दिवशी तळं बघून थेट भोजखरकला उतरू नका म्हणतो ते यासाठीच. तसं केलंत तर ही कूस बरोबर दुपारी वाट्याला येते.

केदारखरक उघडं पठार आहे, वारा फार. तिथून तळ्यापर्यंतचे पाच किलोमीटर बहुतेक मोरेनचे, हलणाऱ्या धोंड्यांचे. घोटा धरून ठेवणारे बूट आणि दोन काठ्या इथे उपयोगी पडतात. बूट निदान दोन महिने वापरून मऊ झालेले असावेत. बाकी सामानाची यादी कुठेही मिळते. माझा आग्रह चारच गोष्टींचा. रात्री पारा शून्याखाली जातो, तेव्हा तशा थंडीसाठी बनलेली स्लीपिंग बॅग. बर्फावरून परतणाऱ्या उन्हासाठी गडद चष्मा. झोपायच्या कपड्यांचा एक कोरडा जोड, प्लास्टिकमध्ये बांधलेला, जो काही झालं तरी चालताना घालायचा नाही. आणि हेडटॉर्च, जादा सेलसह. जीन्स आणि सुती बनियन घामाने ओले झाले की वाळत नाहीत, ते गंगोत्रीतच ठेवा. गॅसचे डबे विमानात नेता येत नाहीत, ते डेहराडून किंवा उत्तरकाशीत घ्या.

केदारखरकला पाणी साधारण ८६ अंशांवर उकळतं. उघड्या भांड्यातली डाळ तासभर ठेवली तरी बोटात कच्चीच लागते, म्हणून कुकर न्या. भूक मंदावलेली असते, तेव्हा ओळखीची चव कामाला येते. मऊ भातावर मेतकूट आणि तूप, थालीपिठाची भाजणी उकडून, खिशात शेंगदाण्याची चिक्की आणि गुळाचा खडा. एनर्जी बारपेक्षा या गोष्टी माझ्या गटांनी नेहमी आधी संपवल्या आहेत. दिवसाला तीन-चार लिटर पाणी, उकळून. लघवीचा रंग फिकट राहिला पाहिजे.

वर माती इतकी पातळ आहे की तिथे टाकलेलं काही कुजत नाही. खालच्या मुक्कामी शौचासाठी पाण्यापासून साठ मीटर दूर, वीतभर खोल खड्डा करा. कागद आणि सॅनिटरी पॅड बंद पिशवीत घालून परत आणा. मोरेनवर खड्डा होतच नाही, तेव्हा निघण्याआधी केदारखरकलाच उरकून घ्या. तळ्यात साबण नाही, निर्माल्य नाही, डुबकीही नाही. हेच पाणी केदारगंगा होऊन गंगोत्रीत भागीरथीला मिळतं आणि खालची माणसं ते ओंजळीने पितात. लाकूड जाळायचं नाही.

मोसमाचं शेवटी सांगतो. गंगोत्रीचं देऊळ अक्षय्य तृतीयेला उघडतं आणि दिवाळीच्या अन्नकूटाला बंद होतं, त्यामुळे गाड्या, जेवण, खोल्या सगळं त्याच काळात. मे महिन्यात वरच्या टप्प्यात भरपूर बर्फ असतं. जून बरा, पण जूनही बिनधोक नाही. २०२४ च्या जूनमध्ये याच उत्तरकाशी जिल्ह्यातल्या सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातून आलेला गट हिमवादळात सापडला आणि नऊ जण गेले. जुलै-ऑगस्ट नको. ५ ऑगस्ट २०२५ रोजी गंगोत्रीच्या रस्त्यावरच्या धरालीत खीरगंगेचा लोंढा आला, गाव गाडलं गेलं, रस्ता तुटला आणि महाराष्ट्रातलेही अनेक यात्रेकरू गंगोत्रीत अडकले. त्यांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. माझी पसंती १० सप्टेंबर ते १० ऑक्टोबर या महिन्याला. आकाश धुतलेलं असतं, ओढे ओसरलेले असतात, थंडी मात्र कडक.

त्या महिन्यातही उत्तरकाशी ते गंगोत्री या सुमारे १०० किलोमीटरच्या रस्त्यावर दरड येऊ शकते आणि रस्ता दिवसभर बंद राहू शकतो. परतीचं विमान गंगोत्रीहून उतरल्याच्या दुसऱ्या दिवसाचं काढलेलं असेल, तर त्या तिकिटाचा धाक केदारखरकपर्यंत तुमच्या मागे येतो आणि थांबायला हवं तिथे थांबू देत नाही. बदलता येणारं तिकीट महाग पडलं तरी तेच काढा, नाहीतर डेहराडूनला पोचल्यावर तत्काळमध्ये बघा.